‘हिवार’चा इतिहास शेवटाकडून लिहू नकोस

अनेक आशीर्वाद.

तुझं टिपण वाचलं, मग थोडं थांबून पुन्हा वाचलं. दिवाळी अंकासाठी एका अरबी वाङ्मयीन नियतकालिकावर लिहायचं तुला सुचलं, याचंच मला अप्रूप वाटतं. आपल्याकडे अरबी साहित्याबद्दल फार थोडं लिहिलं जातं, आणि नियतकालिकांबद्दल लिहायला तर कुणाला वेळच नसतो. पण तुझं पहिलंच वाक्य मला खटकलं. ‘हिवार हे सीआयएच्या पैशावर चालणारं बैरुतमधलं मासिक होतं.’ ते मासिक नव्हतं, द्वैमासिक होतं, ही चूक किरकोळ आहे, दुरुस्त होईल. मोठी अडचण अशी की एवढं वाचल्यावर वाचकाला पुढे जायचं कारणच उरत नाही. खुनी कोण ते तू पहिल्याच ओळीत सांगून टाकलंस. शिवाय ज्यांनी त्यात लिहिलं, ज्यांनी ते विकत घेतलं, ज्याने ते जीव टाकून संपादित केलं, त्यांच्यापैकी जवळजवळ कुणालाही १९६२ साली हे वाक्य खात्रीने उच्चारता आलं नसतं. काहींना संशय होता, आणि त्या संशयाचाही स्वतंत्र इतिहास आहे. तू तोही एका फटक्यात पुसून टाकलास.

तेव्हा माझी मुख्य सूचना एवढीच: शेवटाकडून लिहू नकोस. जे ज्या महिन्यात जितकं माहीत होतं, तितकंच त्या महिन्यात येऊ दे. पुढचं मी या एका सूचनेच्या आधारानेच लिहितो आहे.

आधी शहर. पन्नाशीच्या दशकातलं बैरुत डोळ्यांसमोर आणल्याशिवाय हे प्रकरण कळणार नाही. ‘काहिरा (म्हणजे कैरो) लिहितं, बैरुत छापतं, बगदाद वाचतं’ अशी म्हणच अरबी जगात रूढ आहे. बैरुतमध्ये छापखाने होते, बँका होत्या, सेन्सॉर त्यातल्या त्यात सैल होता, आणि आपापल्या देशांतून हुसकावलेले, पळालेले, कंटाळलेले लेखक होते. १९५३मध्ये सुहैल इद्रिस यांनी ‘अल-आदाब’ सुरू केलं. लेखकाने समाजाशी आणि अरब राष्ट्राशी बांधील असावं, ही त्याची भूमिका. १९५७च्या जानेवारीत यूसुफ अल-खाल यांनी ‘शिअर’ काढलं. हे फक्त कवितेचं त्रैमासिक. कवी अदोनिस त्यांच्या बरोबर होते, पुढे उन्सी अल-हाज आले, आणि छंद मोडणारी, गद्यात लिहिलेली कविता तिथे मानाने छापली जाऊ लागली. या दोन गोटांचं अजिबात पटत नसे. ‘आदाब’वाल्यांच्या मते ‘शिअर’वाले पश्चिमेचे बगलबच्चे, आणि ‘शिअर’वाल्यांच्या मते ‘आदाब’वाले घोषणा देणारे. ‘हिवार’ आलं ते या तापलेल्या आखाड्यात. त्याच्यावर झालेले बरेचसे आरोप त्याच्या जन्माआधीच तयार होते, फक्त नाव घालायचं बाकी होतं. हे तुझ्या टिपणात कुठेच नाही.

आता माणूस. तौफीक सायिग यांना तू दीड ओळ दिली आहेस, ‘पॅलेस्टिनी कवी आणि संपादक’. तुझ्या लेखात सगळ्यात जास्त जागा मी याच माणसाला देईन. जन्म १९२३चा, दक्षिण सीरियातला. वडील प्रॉटेस्टंट पाळक. कुटुंब पॅलेस्टाइनमध्ये तिबेरियासला वाढलं आणि १९४८मध्ये तिथून उखडलं गेलं. शिक्षण जेरुसलेमच्या अरब कॉलेजात, मग बैरुतच्या अमेरिकन विद्यापीठात, पुढे हार्वर्डला. नंतर केंब्रिज आणि लंडन इथे अरबी शिकवलं. पहिला संग्रह ‘तीस कविता’ १९५४चा. वृत्त नाही, यमक नाही, बायबलच्या भाषेचा पगडा, आणि देवाशी, बाईशी, हरवलेल्या देशाशी एकाच सुरात चाललेलं भांडण. अरबी वाचकाला हे पचायला फार जड गेलं. टी. एस. एलियटच्या ‘फोर क्वार्टेट्स’चं अरबी भाषांतरही त्यांचंच. म्हणजे हा माणूस ‘शिअर’च्या वर्तुळाला जवळचा, पण कुठल्याच गटात नीट न मावणारा.

त्यांचे भाऊही लक्षात ठेव. यूसुफ हे अर्थतज्ज्ञ. फाएझ यांनी १९६५मध्ये बैरुतमध्येच पॅलेस्टाइन मुक्ती संघटनेचं संशोधन केंद्र उभं केलं. अनीस यांनी ते पुढे चालवलं; १९७२मध्ये त्यांना पत्रातून बॉम्ब आला, त्यातून ते जखमी होऊन वाचले. एकाच पाळकाची ही मुलं. एकाच शहरात, त्याच वर्षांत एक भाऊ विस्थापितांच्या इतिहासाची कागदपत्रं गोळा करत होता आणि दुसरा अशा नियतकालिकाचा संपादक होता, ज्याचा पैसा इस्रायलला पाठिंबा देणाऱ्या महासत्तेच्या गुप्तहेर खात्यातून येत होता. यात तुला उपरोध दिसेल. दिसू दे, पण त्यावर एकही विशेषण खर्चू नकोस. वस्तुस्थिती शेजारी शेजारी ठेवली की पुरे.

पैशाकडे येऊ. जून १९५०मध्ये पश्चिम बर्लिनमध्ये ‘काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडम’ नावाची संस्था स्थापन झाली. कचेरी पॅरिसला. उघड उद्देश असा की सोव्हिएत दडपशाहीच्या विरोधात लेखक-कलावंतांचं स्वातंत्र्य राखायचं. तिच्या आश्रयाने लंडनला ‘एन्काउंटर’ निघत होतं, पॅरिसला ‘प्रव्ह’, रोमला इटालियन कादंबरीकार इन्यात्सिओ सिलोने यांचं ‘तेम्पो प्रेझेन्ते’. आणि मुंबईत ‘क्वेस्ट’. होय, आपल्या मुंबईत. १९५१मध्ये या परिषदेचं भारतातलं अधिवेशन मुंबईलाच झालं होतं, मिनू मसानी त्यात पुढे होते. १९५५मध्ये ‘क्वेस्ट’ निघालं आणि त्याचे पहिले संपादक होते निसीम इझिकेल. पुढे अ. भि. शहा या वर्तुळाचा कणा झाले, तेच शहा जे हमीद दलवाईंच्या पाठीशी उभे राहिले. आणीबाणीत ‘क्वेस्ट’ बंद पडलं, मग ‘न्यू क्वेस्ट’ आलं, आणि पुढे दिलीप चित्रे त्याचे संपादक झाले. मराठी वाचकाला हा धागा तू नक्की दे, कारण हा ओढूनताणून आणलेला नाही. पॅरिसच्या एकाच कचेरीतून ‘क्वेस्ट’ आणि ‘हिवार’ दोन्हीकडे मदत जात होती. मात्र दोन परिच्छेदांपेक्षा जास्त नको. तुझा लेख मुंबईचा नाही, बैरुतचा आहे. आणि ‘क्वेस्ट’च्या लोकांना त्या एका ओळीत आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करण्याचा मोहही टाळ. इझिकेल यांनी तिथे काय संपादित केलं ते न वाचता त्यांच्यावर शेरा मारायचा, ही सवय ‘हिवार’च्या बाबतीत वाईट ठरते तशी इथेही वाईटच.

ऑक्टोबर १९६१मध्ये या संस्थेने सिलोनेंच्या नियतकालिकाच्या साथीने रोममध्ये आधुनिक अरबी साहित्यावर एक परिषद भरवली. अदोनिस होते, यूसुफ अल-खाल होते, इराकचे बद्र शाकिर अस-सय्याब होते, जब्रा इब्राहिम जब्रा होते. युरोपातून इंग्रज कवी स्टीफन स्पेंडर आले होते. सिलोने आणि स्पेंडर हे दोघेही एके काळचे कम्युनिस्ट, नंतर मोहभंग झालेले. सय्याब यांचंही तेच झालं होतं. हा योगायोग नाही. संस्थेला उजव्या विचारांचे लेखक नकोच होते, ते आधीच आपले आहेत अशी तिची समजूत होती. तिला हवे होते डावीकडून निघालेले आणि मॉस्कोला न पोचलेले. हे समजलं की अंकांतला मजकूर इतका मोकळा, इतका पुरोगामी का दिसतो याचं निम्मं उत्तर मिळतं. ‘सीआयए’ शब्द ऐकला की आपल्या मनात प्रचारपत्रक येतं, आणि मग अंक उघडून त्यात उत्तम कविता सापडली की आपण गोंधळतो. गोंधळायचं कारण नाही. उत्तम कविता छापली जाणं हाच त्या खर्चाचा उद्देश होता.

‘हिवार’चा पहिला अंक नोव्हेंबर १९६२चा. संशय पहिल्या दिवसापासून होता, आणि तो बिनबुडाचा नव्हता. पॅरिसच्या संस्थेशी असलेलं नातं लपवलेलं नव्हतं. संस्थेला पैसा कुठून येतो हे मात्र धूसर होतं. कागदोपत्री अमेरिकन धर्मादाय प्रतिष्ठानं होती, त्यातलं मुख्य फारफील्ड फाउंडेशन. काहिऱ्यात आणि बैरुतमध्ये प्रश्न विचारला जात होता की एवढा चांगला कागद, लेखकांना एवढं चांगलं मानधन, हे परवडतं कसं? नियतकालिक चालवणाऱ्याला असा प्रश्न लगेच सुचतो. आपल्याकडेही दिवाळी अंकाचा संपादक हातात नवा अंक आला की आधी जाहिराती मोजतो, मग अनुक्रमणिका वाचतो. बैरुतचे संपादक वेगळे नव्हते.

इथे सय्याब यांच्यावर थांब. घाईने पुढे जाऊ नकोस. आधुनिक अरबी कवितेतला हा सगळ्यात मोठ्या ताकदीच्या कवींपैकी एक. आधी कम्युनिस्ट, मग कम्युनिस्टांवर उलटलेला, नोकरी धड नाही, आणि ऐन पस्तिशीत मज्जातंतूंच्या असाध्य आजाराने पाय निकामी होत चाललेले. उपचारासाठी इंग्लंडला जायला त्यांना मदत केली ती याच पॅरिसच्या संस्थेने. पुढे ‘हिवार’चे इराकमधले प्रतिनिधी म्हणून त्यांना थोडे पैसे मिळत राहिले. डिसेंबर १९६४मध्ये कुवेतच्या रुग्णालयात ते गेले. आता तू सांग, या पैशाचं काय करायचं? हेतू कलुषित होता, औषध खरं होतं. मी या प्रश्नाला उत्तर देणार नाही आणि तूही लेखात देऊ नयेस असं मला वाटतं. पण हा प्रसंग गाळून ‘सांस्कृतिक शीतयुद्ध’ असा गुळगुळीत शब्द वापरणारा लेख मी परत पाठवीन.

१९६५चं पारितोषिक प्रकरण तू छान लिहिलं आहेस. ‘हिवार’ने दहा हजार लेबनीज पौंडांचं पारितोषिक इजिप्तचे कथाकार यूसुफ इद्रिस यांना जाहीर केलं आणि त्यांनी ते नाकारलं. नंतर तू लिहितेस की इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी तेवढीच रक्कम त्यांना सरकारी तिजोरीतून दिली. ही गोष्ट पुष्कळ ठिकाणी छापलेली सापडते, हे खरं. पण ती इतकी गोल आहे, की तिच्याकडे मी संशयाने बघेन. त्या काळातल्या एखाद्या वृत्तपत्रात किंवा इद्रिस यांच्या स्वतःच्या लिखाणात मिळाली तर ठेव, नाहीतर नकाराशी थांब. नकार एवढाच पुरेसा बोलका आहे. त्यामागे तत्त्व किती आणि काहिऱ्यातल्या वातावरणाचा दाब किती, याचा हिशेब लावायला जाऊ नकोस. आणि इद्रिस यांना नायक करताना एवढं ध्यानात असू दे की त्या काळात इजिप्तमधलं बहुतेक छापील जग सरकारच्या हाती होतं. ‘हिवार’वर तुटून पडणाऱ्या कित्येकांचा पगारही कुठल्या ना कुठल्या सरकारी कचेरीतूनच निघत होता. म्हणून त्यांचा आरोप खोटा ठरत नाही. तो पुढे खराच निघाला. फक्त ‘स्वतंत्र विरुद्ध विकले गेलेले’ अशी जी सरळ रेघ तू मारली आहेस, ती मारता येणार नाही.

आता १९६६. या वर्षावर तुझा लेख उभा राहील किंवा पडेल. एप्रिलमध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने सीआयएवर एक लेखमाला छापली आणि त्यात या संस्थेला गुप्तहेर खात्याचा पैसा मिळतो असं आलं. लगेच त्याच वृत्तपत्राला मोठमोठ्या लोकांचं पत्र गेलं की संस्था पूर्णपणे स्वतंत्र आहे. सही करणाऱ्यांत जॉन केनेथ गॅलब्रेथ होते, तेच जे तीन वर्षांपूर्वीपर्यंत दिल्लीत अमेरिकेचे राजदूत होते. अणुशास्त्रज्ञ ओपनहायमरही होते. बैरुतमध्ये बसलेल्या एका कवीने कुणावर विश्वास ठेवायचा? इजिप्तने मात्र ठरवलं होतं. ‘हिवार’वर तिथे बंदी आली. अरबी नियतकालिकाला काहिऱ्याचा बाजार बंद होणं म्हणजे काय, हे तूच ताड.

आणि नेमकं याच वर्षाच्या उत्तरार्धात ‘हिवार’ने एक संपूर्ण कादंबरी छापली. लेखक सुदानचे तय्यब सालिह, नोकरी लंडनला बीबीसीच्या अरबी विभागात. कादंबरीचं नाव ‘मौसिम अल-हिज्रा इला अश-शमाल’, उत्तरेकडे स्थलांतराचा हंगाम. इंग्लंडहून शिकून नाईलकाठच्या गावी परतलेला निवेदक, आणि गावात आधीच येऊन राहिलेला, आपला भूतकाळ लपवून शेती करणारा मुस्तफा सईद. वसाहतवादाने माणसाच्या आतड्यात काय पेरलं, हे इतक्या निर्दयपणे अरबीत फार कमी वेळा लिहिलं गेलं आहे. २००१मध्ये दमास्कसच्या अरबी साहित्य अकादमीने तिला विसाव्या शतकातली सर्वांत महत्त्वाची अरबी कादंबरी म्हटलं.

तुझ्या टिपणात ही कादंबरी ‘हिवारमध्ये छापलेलं काही महत्त्वाचं साहित्य’ या यादीत तिसरी आहे. यादीतून तिला बाहेर काढ. तारखा शेजारी ठेवून बघ: एप्रिलमध्ये वर्मावर घाव, मग बंदी, मग नाचक्की, आणि त्यानंतर हा अंक. संपादक त्या महिन्यांत टेबलाशी बसून हस्तलिखित वाचत होता, मुद्रितं तपासत होता. साम्राज्याने पोखरलेल्या माणसाची ही गोष्ट साम्राज्याच्याच पैशावर छापली जात होती, आणि त्या पैशाच्या मालकांना ती अडवावीशी वाटली नाही. का वाटली नाही? मला वाटतं, ब्रिटिश साम्राज्यावर केलेली टीका अमेरिकेला बोचत नव्हती. अरबी वाचकालाही त्या घडीला हे दिसलं नसावं. हे माझं मत आहे, तुझं वेगळं असू शकेल; पण मत मांडायचंच असेल तर इथे मांड, प्रस्तावनेत नको.

१९६७च्या मार्चमध्ये ‘रॅम्पार्ट्स’ या अमेरिकन मासिकाने विद्यार्थी संघटनांना मिळणाऱ्या गुप्त पैशाचं प्रकरण फोडलं. मग झाकपाक अशक्य झाली. मेच्या मध्यावर पॅरिसमध्ये संस्थेची सभा झाली आणि तिचे सूत्रधार मायकेल जोसेलसन यांनी पैसा कुठून येत होता ते कबूल केलं. त्याच महिन्यात सायिग यांनी ‘हिवार’ बंद करत असल्याचं जाहीर केलं. साडेचार वर्षं, २७ अंक, त्यातले काही जोडअंक. फोर्ड फाउंडेशनने पॅरिसच्या संस्थेचा भार उचलला होता, ‘एन्काउंटर’ पुढे १९९०च्या दशकाच्या उंबरठ्यापर्यंत निघत राहिलं. म्हणजे ‘हिवार’ बंद करणं हा एकच मार्ग नव्हता. संपादकाने तो निवडला. तुझ्या टिपणात ‘मासिक बंद पडलं’ असं आहे. ‘बंद पडलं’ आणि ‘बंद केलं’ यांत फार अंतर आहे, आणि सायिग यांच्यावर तेवढा तरी न्याय करायला हवा.

इथेच एक खड्डा आहे, त्यात पडू नकोस. १९६७ म्हटलं की जूनचं सहा दिवसांचं युद्ध आठवतं, आणि पुष्कळजण बेधडक लिहितात की त्या पराभवात जुनी नियतकालिकं वाहून गेली, ‘हिवार’ही त्यातलंच. ‘हिवार’ युद्धाच्या आधी बंद झालं. उलट युद्धानंतर तर नियतकालिकांना नवा जोर आला. १९६८मध्ये अदोनिस यांनी बैरुतला ‘मवाकिफ’ काढलं. त्याच वर्षी काहिऱ्यात ‘गॅलरी ६८’ निघालं. एद्वार अल-खर्रात आणि त्यांच्या तरुण मित्रांनी पदरमोड करून काढलेले आठ अंक, १९७१मध्ये संपले. आपल्या ‘असो’, ‘वाचा’सारख्या लघुनियतकालिकांशी तुलना करायचीच असेल तर ती या ‘गॅलरी ६८’शी कर. ‘हिवार’शी त्यांची तुलना तू टिपणात केली आहेस ती बसत नाही, एकीकडे पॅरिसहून येणारं अनुदान, दुसरीकडे मित्रांच्या खिशातली नाणी. मोरोक्कोतलं ‘सूफ्ल’ तिसऱ्याच तऱ्हेने गेलं. अब्दुल्लतीफ लाबी यांनी ते १९६६मध्ये सुरू केलं, १९७२मध्ये सरकारने बंद पाडलं आणि लाबी आठ वर्षं तुरुंगात गेले. ही नावं चौकटीत एका बाजूला दिलीस तर वाचकाला कळेल की त्या दशकात नियतकालिकं किती निरनिराळ्या कारणांनी मरत होती.

आणि दुसऱ्या बाजूचा पैसा? तो तू मुळीच घेतलेला नाहीस. १९५८च्या ताश्कंद परिषदेतून आफ्रो-आशियाई लेखकांची चळवळ उभी राहिली, तिचं ‘लोटस’ १९६८पासून काहिऱ्याहून संपादित होत होतं, त्याची छपाई पूर्व जर्मनीत होत होती, आणि खर्चात सोव्हिएत गटाचा वाटा होता. आपल्याकडच्या कितीतरी घरांतल्या कपाटांत अजूनही गुळगुळीत कागदावरची, नाममात्र किमतीची रशियन पुस्तकांची मराठी भाषांतरं आहेत. ती वाचून माझी अख्खी पिढी वाढली आणि किंमत एवढी कमी कशी हे आम्ही क्वचितच विचारलं. हे लिहिलंस तर कुणी म्हणेल की दोन्ही पारडी सारखी करते आहे. तसं करू नकोस. सोव्हिएत पैसा उघड होता, पुस्तकावर मॉस्को छापलेलं असे. ‘हिवार’च्या बाबतीत फसवणूक होती. दुखणं त्या लपवण्यात आहे, आणि हा फरक लेखात ठळक यायला हवा.

आता तुला खरोखर जो प्रश्न छळतो आहे तो: सायिग यांना माहीत होतं का? टिपणाच्या समासात तू तीन प्रश्नचिन्हं काढली आहेस. बहुतेक अभ्यासक असं मानतात की गुप्तहेर खात्याचा संबंध त्यांना ठाऊक नव्हता, आणि ‘हिवार’ बंद करण्याची त्यांची रीत पाहता मलाही तसंच वाटतं. पण ‘माहीत नव्हतं’ एवढ्यावर मी त्यांना सोडणार नाही. त्यांना हे माहीत होतं की लोक विचारताहेत. पहिल्या अंकापासून विचारताहेत, नावानिशी, छापून. पॅरिसहून उत्तर येत होतं की काळजीचं कारण नाही, आणि ते उत्तर त्यांनी चार वर्षं पुरेसं मानलं. का मानलं याचा विचार करताना देश नसलेला माणूस, गटात न मावणारा कवी, आणि हातात आयुष्यात पहिल्यांदाच आलेलं स्वतःच्या चवीचं नियतकालिक, या तिन्ही गोष्टी एकत्र धर. असं नियतकालिक हातात असताना त्याच्या पायाखाली खणून बघायची इच्छा फार थोड्या संपादकांना होते. १९६८मध्ये ते अमेरिकेला बर्कलेच्या विद्यापीठात शिकवायला गेले आणि जानेवारी १९७१मध्ये तिथेच हृदयविकाराने गेले. पन्नाशीही गाठली नव्हती. ‘हिवारने त्यांचा बळी घेतला’ असं जे वाक्य तू लिहिलं आहेस, ते काढून टाक. हृदयविकाराचं कारण आपल्याला ठरवता येत नाही.

कामाच्या गोष्टी. अरबी नियतकालिकांचे जुने अंक मोठ्या संख्येने स्कॅन करून ठेवणारा अश-शारिख संग्रह कुणालाही घरबसल्या उघडता येतो. आधी तिथे शोध. तुझं अरबी अजून दुसऱ्या वर्षाचं आहे, मला कल्पना आहे. म्हणून कविता नंतर बघ, आधी फक्त अनुक्रमणिका उतरवून काढ. कोण किती वेळा आलं, कुठल्या देशातून, भाषांतरं कोणत्या भाषांतली, एवढी तक्ता-वही झाली तरी पॅरिसच्या संस्थेवर लिहिलेल्या इंग्रजी पुस्तकांपेक्षा तुझ्याकडे जास्त असेल. त्या पुस्तकांत बैरुतला दोन-चार पानंच मिळतात. मग ‘अल-आदाब’चे त्याच महिन्यांचे अंक शेजारी घे. एकात काय आहे आणि दुसऱ्यात नाही ते बघ. व्हिएतनामवर कोण लिहितंय, अल्जीरियावर कोण, पॅलेस्टाइनवर कोण आणि कशा शब्दांत. पैशाने काय विकत घेतलं हे छापलेल्या पानांत सहसा दिसत नाही. न छापलेल्या विषयांत दिसण्याची शक्यता जास्त. त्याचबरोबर हेही होईल की तुला काहीच फरक सापडणार नाही. तसं झालं तर तसं लिही. तो निष्कर्ष लाजिरवाणा नाही, फक्त मथळ्याला गैरसोयीचा आहे.

संस्थेची कागदपत्रं शिकागो विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. तू काही शिकागोला जाणार नाहीस, पण ती पाहून लिहिलेले निबंध इंग्रजीत आहेत, ते मागवता येतील. त्यातल्या पत्रांचे उतारे वापरताना पत्र कुणी, कुणाला, कधी लिहिलं हे तिन्ही दिल्याशिवाय वापरू नकोस. पॅरिसहून आलेली ‘सूचना’ आणि संपादकाने खरंच छापलेला लेख, या दोन वेगळ्या गोष्टी असतात. मधल्या जागेत संपादक असतो.

नावांच्या उच्चारांचं एकदा ठरवून घे. तू एकाच पानावर सायेघ, सयिग आणि सायिग असं तिन्ही लिहिलं आहेस. शब्दमर्यादा तीन हजार दिली असेल तर मुंबईचा धागा, ‘लोटस’ आणि ‘सूफ्ल’ मिळून पाचशेच्या वर जाऊ देऊ नकोस. उरलेलं सगळं बैरुतला दे. अंकाच्या संपादकांना ‘सीआयए’ शब्द मथळ्यात हवा असेल, ते तसं सुचवतीलच, कारण त्यांनाही अंक खपवायचा आहे. वाद घालू नकोस. तूच आधी दुसरा, चांगला मथळा पाठव.

आणि मजकूर पाठवण्याआधी मला १९६६च्या अंकांची अनुक्रमणिका तेवढी पाठव. कादंबरीच्या आगेमागे त्या वर्षी सायिग यांनी आणखी काय निवडलं होतं, ते मला बघायचं आहे.

तुझे सर